धंदा चालतोय, पण बँकेला दिसत नाही: छोट्या उद्योगाच्या कर्जाची खरी तयारी

मार्च लागला की मिरची कांडप केंद्रापुढे पिशव्यांची रांग लागते. डंक सकाळी सातला सुरू होतो तो रात्रीच बंद होतो. मे संपेपर्यंत उसंत नसते आणि वर्षाच्या कमाईतला मोठा वाटा या तीन महिन्यांतच येतो. हे केंद्र चालवणाऱ्या ताई दुसरी मशीन घ्यायची म्हणून बँकेत जातात. साहेब स्टेटमेंट मागतात. त्यांच्या खात्यात वर्षभरात जमा झालेत जेमतेम चाळीस हजार. बाकीची उलाढाल गल्ल्यात, मुलाच्या मोबाइलवरच्या यूपीआयवर आणि मिरचीच्या व्यापाऱ्याला दिलेल्या रोखीत. वीजमीटर सासऱ्यांच्या नावावर, दुकानाचा भाडेकरार नवऱ्याच्या नावावर. बँकेच्या कागदांत त्या ताईंचा धंदाच नाही.

छोट्या धंद्यांना कर्ज का मिळत नाही, याचं उत्तर बहुतेक वेळा इथे सापडतं. योजना पुष्कळ आहेत, तारणाशिवाय कर्ज देण्याचे नियमही आहेत. अडतं ते धंदा आणि बँक यांच्यामधल्या पुराव्यावर. तो पुरावा तयार व्हायला सहा महिने ते वर्ष लागतं. म्हणून ज्यांना पुढच्या हंगामाआधी पैसे हवेत त्यांनी या हंगामापासून कामाला लागायला हवं. या लेखात हेच कांडप केंद्र उदाहरणाला घेतलं आहे. शिलाईकाम, गिरणी, फॅब्रिकेशन, ब्यूटी पार्लर, काहीही असलं तरी आकडे बदलतील, पद्धत तीच राहील.

आधी पैसा खात्यातून जाऊ द्या

पहिलं काम फुकटात होतं. धंद्याचं वेगळं खातं उघडा, जो धंदा चालवतो त्याच्याच नावावर, आणि दुकानातला क्यूआर कोड त्या खात्याला जोडा. मुलाच्या किंवा नवऱ्याच्या खात्याला जोडलेला क्यूआर म्हणजे तुमच्या विक्रीचा पुरावा दुसऱ्याच्या नावावर जमा करणं. ग्राहकाने बँक खात्यातून यूपीआयने दिलेल्या पैशांवर दुकानदाराला टक्केवारी द्यावी लागत नाही. रक्कम बोलून सांगणाऱ्या साउंडबॉक्सचं भाडं मात्र बहुतेक कंपन्या महिन्याला कापतात, ते आधी विचारून घ्या.

गल्ल्यातल्या रोखीचं काय? ती रोज किंवा दिवसाआड खात्यात भरा. महिन्याच्या शेवटी एकदम पन्नास हजार भरण्यापेक्षा दर दोन दिवसांनी तीन-चार हजार भरलेले बरे. बँकेचा माणूस स्टेटमेंट वाचताना एकूण जमेइतकंच पैसे किती वेळा आले तेही बघतो. अर्ज करण्याच्या आदल्या आठवड्यात कुठून तरी आणून भरलेले दोन लाख आणि चार दिवसांनी परत गेलेले दोन लाख हे त्याच्या नजरेतून सुटत नाही, उलट अर्जावरचा विश्वास उडतो. मिरचीच्या व्यापाऱ्यालाही शक्य तेवढे पैसे खात्यातून द्या आणि पक्कं बिल मागा. विक्री दिसते पण खरेदी दिसत नाही, असं झालं तर नफा किती हे कुणालाच सांगता येत नाही.

यूपीआयने पैसे घेतले की कर लागतो, ही भीती बाजारात पसरलेली आहे. तिचं उत्तर नीट समजून घ्या. महाराष्ट्रात फक्त मालाची विक्री असेल तर वर्षाला ४० लाखांपर्यंत आणि सेवा असेल तर २० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. राज्याबाहेर माल विकणं, ऑनलाइन मंचावरून विकणं यांना वेगळे नियम आहेत. दुसऱ्याची मिरची मजुरीवर कांडून देणं ही सेवा धरली जाते, हे विसरू नका. आयकरात छोट्या व्यावसायिकांसाठी अंदाजित नफ्याची सोय आहे. उलाढालीच्या ८ टक्के नफा धरून विवरण भरता येतं आणि जी उलाढाल बँकेतून किंवा डिजिटल मार्गाने आली तिच्यावर ६ टक्के धरला तरी चालतो. म्हणजे रोखीपेक्षा खात्यातून आलेल्या पैशाला कायदाच सवलत देतो. कर भरावा लागत नसला तरी दोन वर्षांची विवरणं भरून ठेवा. पाच लाखांच्या वरचं कर्ज मागताना ती नसली की अर्ज तिथेच थांबतो.

रोजची वही लिहायला एक शंभर पानी वही पुरते. तारीख, विक्री रोख, विक्री यूपीआय, खरेदी, खर्च, घरी नेलेले पैसे, उधारी दिली, उधारी आली, एवढे रकाने. मोबाइलवरचं खातेवहीचं ॲप वापरलं तरी हरकत नाही, पण महिन्याला एकदा त्यातली माहिती पीडीएफमध्ये काढून ठेवा. फोन हरवला की वर्षाचा हिशेब गेला, असं फार जणांचं होतं. घरी नेलेल्या पैशांचा रकाना बहुतेक जण सोडतात, आणि नेमका तोच नसल्यामुळे "एवढा धंदा होतो, मग पैसा उरत का नाही?" हा प्रश्न वर्षानुवर्षं सुटत नाही.

नाव एकच, सगळ्या कागदांवर

उद्यम नोंदणी ही केंद्र सरकारची सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योगांची नोंदणी. १ जुलै २०२० पासून ती सुरू आहे आणि पूर्णपणे मोफत आहे. आधार, आधारला जोडलेला मोबाइल आणि पॅन एवढ्यावर अर्ध्या तासात होते. इंटरनेटवर शोधलं की सर्वांत वर पैसे घेणाऱ्या खासगी साइटच दिसतात. त्यांची मांडणी सरकारी साइटसारखीच असते. पत्त्याचा शेवट "डॉट जीओव्ही डॉट इन" असेल तरच पुढे जा.

या फॉर्ममध्ये एक जागा अशी आहे जिथे घाईत केलेली निवड नंतर महागात पडते. धंद्याचा प्रकार विचारला जातो: उत्पादन, सेवा की व्यापार. मिरची विकत घेऊन कांडून पाकिटात विकणं हे उत्पादन आहे, मजुरीवर कांडणं ही सेवा. पण पुष्कळ जण सायबर कॅफेत बसून "व्यापार" निवडून मोकळे होतात. व्यापाऱ्यांना २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते, पण फायदा मिळतो तो बँकेच्या प्राधान्य क्षेत्रातल्या, म्हणजे बँकांना ठरावीक वाटा द्यावाच लागतो अशा क्षेत्रांतल्या, कर्जापुरताच. अडकलेली बिलं वसूल करण्याचं कायदेशीर संरक्षण त्यांना मिळत नाही. चुकीचा प्रकार निवडला असेल तर त्याच साइटवर दुरुस्तीही मोफत होते.

पॅन किंवा जीएसटी नसलेल्या अगदी छोट्या धंद्यासाठी २०२३ पासून उद्यम असिस्ट मंच आहे. तिथे स्वतः नोंदणी करता येत नाही. बँक किंवा वित्तसंस्था आपल्या ग्राहकाची नोंदणी करून देते.

दुकानासाठी महाराष्ट्रात २०१७ च्या कायद्याप्रमाणे कामगार ठरावीक मर्यादेपेक्षा कमी असतील (२०१७ मध्ये ही मर्यादा दहाची होती) तर परवान्याची गरज नाही, नुसती ऑनलाइन सूचना द्यायची आणि तिची पावती जपून ठेवायची. लोक आजही तिला गुमास्ता किंवा शॉप ॲक्टच म्हणतात. खाण्याच्या पदार्थाचा धंदा असेल आणि वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असेल तर अन्नसुरक्षेची मूळ नोंदणी वर्षाला १०० रुपयांत होते. ही नोंदणी नसली की पाकिटावर नंबर छापता येत नाही आणि दुकानदार माल ठेवून घेत नाही.

आता सगळे कागद टेबलावर पसरा आणि नावं वाचा. आधारवर लग्नानंतरचं नाव, पॅनवर माहेरचं, पासबुकात नवऱ्याच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. बँकेच्या संगणकाला ही तीन माणसं वाटतात. अर्ज "त्रुटी" म्हणून परत येण्यात या बारीकसारीक फरकाचा मोठा हात असतो. आधी आधार आणि पॅन एकसारखे करून घ्या, मग बाकीचे. जागा किंवा मीटर घरातल्या दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्यांचं संमतीपत्र आणि ताज्या वीजबिलाची प्रत जोडा. भाड्याची जागा असेल तर करार धंदा चालवणाऱ्याच्या नावावर करा. बायका चालवत असलेले धंदे कागदावर पुरुषांचे राहतात, आणि महिलांसाठी राखलेला जास्तीचा लाभ मग हातचा जातो. हे थांबवायला घरातल्या घरात एक सही पुरते.

मशीनचे पैसे वेगळे, मिरचीचे पैसे वेगळे

"मला चार लाख पाहिजेत" असं म्हणून बँकेत जाऊ नका. कशासाठी, हे बँकेला दोन खणांत सांगावं लागतं.

मशीन, फर्निचर, वीजजोडणी यांसाठी मुदत कर्ज असतं. ते तीन ते सात वर्षांत हप्त्याने फिटतं. कच्चा माल आणि उधारीत अडकणारा पैसा यांसाठी खेळतं भांडवल लागतं. त्याला बँक कॅश क्रेडिट म्हणते, आपण सीसी म्हणतो. त्यात एक मर्यादा मिळते. लागेल तेव्हा उचलायचे, विक्री झाली की भरायचे, आणि जेवढे दिवस जेवढे वापरले तेवढ्याचंच व्याज द्यायचं.

ही दोन कर्जं एकमेकांच्या जागी वापरली की धंदा अडचणीत येतो. मशीनसाठी घेतलेल्या पैशांतून मिरची भरली, तर मशीन नाही आणि हप्ता मात्र सुरू. उलट सीसीच्या पैशातून मशीन घेतली, तर ऐन फेब्रुवारी-मार्चमध्ये मिरची भरायला मर्यादा शिल्लक राहत नाही. मग सावकाराकडे जावं लागतं. चांगले चाललेले धंदे बसतात ते बहुधा याच चुकीने.

खेळतं भांडवल किती मिळू शकतं याचा एक सरळ हिशेब आहे. नायक समितीच्या शिफारशीवरून रिझर्व्ह बँकेने तो ठरवून दिला. पुढच्या वर्षाच्या अपेक्षित उलाढालीच्या २५ टक्के एवढी गरज धरायची. त्यातले २० टक्के बँकेने द्यायचे, ५ टक्के मालकाने घालायचे. कांडप केंद्राची अपेक्षित उलाढाल १२ लाख धरली तर गरज ३ लाखांची. बँकेची मर्यादा २ लाख ४० हजार, ताईंचे स्वतःचे ६० हजार. पण उलाढाल १२ लाख आहे हे खात्यातून दिसायला हवं. खात्यात ४ लाखच दिसले तर याच हिशेबाने ८० हजार निघतात. रोखीचा धंदा खात्यात न दाखवण्याची किंमत इथे रुपयांत मोजता येते.

मुदत कर्जासाठी बँक विचारते, हप्ता कुठून येणार? समजा मशीन बसवून दोन लाखांना पडते. २० हजार स्वतःचे आणि १ लाख ८० हजार कर्ज. १२ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी हप्ता साधारण ४ हजार, म्हणजे वर्षाला ४८ हजार. सध्याच्या धंद्यातून घरखर्च जाऊन वर्षाला ६० हजार उरतात असं धरू. हप्त्याच्या सव्वापट. बँका साधारण सव्वा ते दीडपट मागतात, तेव्हा हे काठावर आहे, आणि त्यातून सीसीचं व्याज वजा केलं की पुरत नाही.

म्हणून नवी मशीन जादा काय कमावणार ते मांडावं लागतं. दिवसाला ४० किलो जादा कांडप, किलोला ३० रुपये मजुरी, हंगामाचे ७५ दिवस: ९० हजार. त्यातून वीज आणि मजुराचे ३० हजार गेले तर ६० हजारांची भर. एकूण १ लाख २० हजार. सीसीचं व्याज साधारण १५ हजार काढलं तरी १ लाख ५ हजार उरतात, हप्त्याच्या दुपटीहून जास्त. एवढा हिशेब एका कागदावर स्वतःच्या अक्षरात मांडून नेला तर त्याचं वजन छापील प्रकल्प अहवालापेक्षा जास्त पडतं. बाजारात हजार-दोन हजारात मिळणाऱ्या तयार अहवालात सगळ्यांचे आकडे एकसारखे असतात, आणि साहेबांनी "रोज किती किलो?" विचारलं की अर्जदार गप्प होतो.

कोटेशन घेताना एक चूक सर्रास होते. मशीनची किंमत लिहिली जाते, पण थ्री-फेज वीजजोडणीची अनामत, वायरिंग, पाया, वाहतूक आणि जीएसटी राहून जातात. बँक कोटेशनएवढेच पैसे थेट विक्रेत्याच्या खात्यात देते. मग मशीन दारात येऊन दोन महिने बंद पडून राहते आणि हप्ता सुरू होतो. हे सगळे खर्च आधीच प्रकल्पाच्या रकमेत धरा. हप्ता कधीपासून सुरू व्हावा तेही बोलून घ्या. नोव्हेंबरमध्ये मशीन बसणार असेल तर मार्चपर्यंत फक्त व्याज भरण्याची सवलत मागता येते, पण मंजुरीपत्रावर सही करण्याआधी.

तारण नाही, मग कोण देणार?

सूक्ष्म आणि लघू उद्योगांच्या २० लाखांपर्यंतच्या (१ एप्रिल २०२६ आधी १० लाखांपर्यंतच्या) कर्जाला बँकेने तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. अशा आणि याच्या वरच्याही तारणाशिवायच्या कर्जासाठी सीजीटीएमएसई नावाचा हमी निधी आहे. केंद्र सरकार आणि सिडबी (लघू उद्योगांसाठीची विकास बँक) यांनी तो २००० साली उभा केला. तो तुम्हाला पैसे देत नाही. कर्ज बुडालं तर बँकेच्या नुकसानीचा ठरावीक भाग भरून देतो, म्हणून बँक तारणाशिवाय द्यायला तयार होते. कर्ज मात्र तुमच्यावर पूर्ण राहतं. हमी आहे म्हणजे माफी आहे, असा समज करून घेतलेल्यांची पत कायमची बिघडली आहे.

मुद्रा योजना एप्रिल २०१५ पासून आहे. ५० हजारांपर्यंत शिशु, त्यापुढे ५ लाखांपर्यंत किशोर, १० लाखांपर्यंत तरुण. तरुण गटातलं कर्ज घेऊन नीट फेडलेल्यांना २० लाखांपर्यंतचा तरुण प्लस गट २०२४ मध्ये आला. आपल्या ताईंची मशीन आणि मिरची मिळून मागणी ४ लाख २० हजार होते, म्हणजे किशोर. मुद्रा ही संस्था कुणाला थेट कर्ज देत नाही, ते बँका आणि वित्तसंस्था देतात. त्यामुळे "मुद्रा कार्यालयातून बोलतोय, मंजुरीसाठी फी भरा" असा फोन आला की तो फसवणुकीचाच असतो.

रस्त्यावरच्या विक्रेत्यांसाठी पीएम स्वनिधी जून २०२० मध्ये सुरू झाली. २०२५ मध्ये तिचे टप्पे बदलले: १५ हजार, मग २५ हजार, मग ५० हजार. वेळेवर फेडलं तर ७ टक्के व्याज अनुदान मिळतं. पालिकेच्या सर्वेक्षणात नाव नसेल तर शिफारसपत्र मागता येतं. पुष्कळ विक्रेते पहिला टप्पा फेडून थांबतात. पण या योजनेचा खरा उपयोग पहिल्या पंधरा हजारांत नाही. बँकेच्या नोंदीत वेळेवर फेडणारा म्हणून नाव लागतं, त्यात आहे.

अन्नप्रक्रिया उद्योगासाठीच्या केंद्राच्या योजनेत, जिला पीएमएफएमई म्हणतात, प्रकल्पाच्या पात्र खर्चावर ३५ टक्के आणि जास्तीत जास्त १० लाख अनुदान आहे. स्वतःचे किमान १० टक्के घालावे लागतात. महाराष्ट्रात ती कृषी विभागामार्फत चालते. अर्ज भरून द्यायला जिल्हा संसाधन व्यक्ती असतात. त्यांचं मानधन सरकार देतं, अर्जदाराने त्यांना काही द्यायचं नसतं. कोणत्याही योजनेची मुदत आणि निधी आर्थिक वर्षाप्रमाणे बदलत असल्याने अर्जाआधी कार्यालयात चालू वर्षाचं परिपत्रक बघायला मागा.

अनुदानाबद्दल मोठा गैरसमज आहे, तो इथेच दूर करू. अनुदान हातात मिळत नाही. पीएमएफएमई असो की पीएमईजीपी (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम), रक्कम बँकेत तुमच्या कर्जाच्या नावे बाजूला ठेवली जाते. तीन वर्षं धंदा सुरू राहिला आणि खातं नियमित राहिलं तरच ती कर्जात वळती होते. दोन लाखांवर ७० हजार अनुदान मिळणार म्हणून हप्त्याची जुळवाजुळव एक लाखाच्या हिशेबाने केली तर दुसऱ्याच वर्षी हप्ते थकतात, आणि खातं थकीत गेलं की ते ७० हजारही परत जातात.

व्याज ऐकू नका, मोजा

बाजारात फिरणारी डेली वसुली बघा. दहा हजार द्यायचे, शंभर दिवस रोज १२० रुपये घ्यायचे. "दहा हजारावर दोनच हजार" असं ऐकायला येतं. पण पैसे पहिल्या दिवसापासून परत जात असतात, सरासरी पाच-साडेपाच हजारच तुमच्याकडे असतात आणि तेही शंभर दिवस. वर्षाच्या हिशेबाने हा दर १३० टक्क्यांच्या वर जातो.

वित्तसंस्थांमध्ये हाच प्रकार "फ्लॅट" दराच्या रूपात येतो. एक लाख, एक वर्ष, १२ टक्के फ्लॅट म्हणजे व्याज १२ हजार, हप्ता ९,३३३. तेच १२ टक्के घटत्या शिलकीवर असतील तर हप्ता ८,८८५ आणि व्याज साधारण ६,६००. पहिल्या कर्जाचा खरा दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास पडतो. म्हणून सही करण्याआधी एकच कागद मागा: मुख्य तथ्य पत्रक. ऑक्टोबर २०२४ पासून सूक्ष्म, लघू उद्योगांच्या मुदत कर्जाला ते देणं बँकांना आणि वित्तसंस्थांना बंधनकारक आहे. त्यात प्रक्रिया शुल्क, विमा सगळं धरून वार्षिक एकूण खर्चाचा टक्का दिलेला असतो. दोन ठिकाणच्या कर्जांची तुलना फक्त त्या टक्क्यावरून करा.

मोबाइलवरच्या कर्ज ॲपमध्ये पैसे थेट तुमच्या खात्यात यायला हवेत आणि मागे कोणती बँक किंवा नोंदणीकृत वित्तसंस्था आहे ते लिहिलेलं हवं. फोनमधले संपर्क आणि फोटो मागणारं ॲप लगेच काढून टाका. आणि चार ॲपवर "किती मिळतंय बघू" म्हणून अर्ज करू नका. प्रत्येक अर्जाची चौकशी तुमच्या पत अहवालात, म्हणजे तुमच्या कर्जांच्या आणि हप्त्यांच्या नोंदींत, नोंदली जाते, आणि महिन्यात पाच चौकश्या दिसल्या की बँकेला वाटतं, या माणसाची फार ओढाताण चालली आहे.

तो पत अहवाल अर्जाच्या तीन महिने आधी स्वतः काढून बघा. सिबिलसह चार संस्था आहेत आणि प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल मोफत मिळतो. गुण ३०० ते ९०० मध्ये असतात. गुणांपेक्षा आतली यादी वाचा. भावाच्या ट्रॅक्टरला जामीन राहिलात तर ते कर्जही तिथे असतं, आणि त्याचा हप्ता थकला की त्याचा डाग तुमच्याही नावावर लागतो. जुनं कर्ज तडजोडीने मिटवलं असेल तर त्यापुढे "सेटल्ड" लागतं, आणि बँकेच्या दृष्टीने ते फेडलेलं कर्ज नसतं. उरलेली रक्कम भरून बेबाकी दाखला घ्या आणि नोंद बदलायला लावा. चुकीची नोंद असेल तर तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे. इतिहासच नसेल तर घाबरू नका. केवळ तेवढ्या कारणावरून पहिलं कर्ज नाकारू नये, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे.

गट, संस्था आणि जाणती माणसं

एकट्याने जे बँकेला पटवून देता येत नाही ते गटाची वही पटवून देते. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि अद्ययावत वही ही बचतगटांची पंचसूत्री म्हणजे प्रत्यक्षात पत तयार करण्याची रीतच आहे. उमेद (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) आणि माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ) यांच्या गटांना १० लाखांपर्यंतच्या कर्जासाठी तारण लागत नाही. गटातून घेतलेलं कर्ज वेळेवर फेडलेली बाई पुढे वैयक्तिक कर्जासाठी गेली, तर तिच्यामागे तीन-चार वर्षांची नोंद असते.

सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात, म्हसवडला, १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. पहिल्यांदा परवाना नाकारला गेला, कारण प्रवर्तक बायकांपैकी काहींना लिहितावाचता येत नव्हतं. त्या शिकल्या आणि पुन्हा गेल्या. मुद्दलावरचं व्याज तोंडी काढून दाखवायची त्यांची तयारी होती. हिशेब त्यांना आधीपासून येत होता, तो दाखवण्याची सोय तेवढी नव्हती.

शिकायचं असेल तर प्रत्येक जिल्ह्यात बँकेने चालवलेली ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था असते. तिथलं प्रशिक्षण राहण्या-जेवणासह मोफत असतं आणि त्यानंतर कर्ज मिळवून द्यायलाही संस्था मदत करते. जिल्हा उद्योग केंद्रात पीएमईजीपी आणि राज्याच्या मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाची माहिती मिळते. दलित उद्योजकांसाठी २००५ मध्ये पुण्यात सुरू झालेली डिक्की ही संघटना आहे. समाजनिहाय महामंडळं आहेत, त्यांतली काही कर्जावरचं व्याज परत करतात. यांपैकी कुठेही जाताना आपली वही आणि स्टेटमेंट घेऊन जा, नाहीतर माहितीपत्रक घेऊन परत यावं लागतं.

मोठ्या दुकानांना किंवा कंपन्यांना माल देत असाल आणि पैसे अडकले असतील तर सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योगांसाठीचा २००६ चा कायदा तुमच्या बाजूने आहे. लेखी करार असेल तर ठरल्या मुदतीत आणि जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागतं. माल देण्याच्या आधी उद्यम नोंदणी झालेली असणं महत्त्वाचं. गिऱ्हाईक तुटेल या भीतीने बहुतेक जण तक्रार करत नाहीत, आणि ती भीती खोटी नाही. म्हणून पहिल्याच बिलावर उद्यम क्रमांक आणि देयकाची तारीख छापा. तेवढ्यानेही पुष्कळांचे पैसे वेळेवर येऊ लागतात, कारण उशिरा दिलेल्या रकमेची वजावट खरेदीदाराला त्या वर्षी आयकरात मिळत नाही.

बँक नाही म्हणाली तर

शाखेत तोंडी नकार मिळाला तर तो नकार नाही, कारण अर्जच दाखल झालेला नसतो. अर्ज द्या आणि तारखेसह पोच घ्या. ऑनलाइन भरला असेल तर क्रमांक जपा. २५ लाखांपर्यंतच्या अर्जावर १४ कामकाजाच्या दिवसांत निर्णय व्हायला हवा, आणि नाकारला तर मुख्य कारण लेखी द्यायला हवं.

ते पत्र रागाने फाडू नका, नीट वाचा. "परतफेड क्षमता अपुरी" असं लिहिलं असेल तर खात्यात दिसणारी उलाढाल कमी आहे किंवा मागणी जास्त आहे. रक्कम कमी करून किंवा सहा महिन्यांचं नवं स्टेटमेंट घेऊन पुन्हा जा. "पत अहवाल असमाधानकारक" असेल तर कोणती नोंद ते विचारा आणि ती आधी मिटवा. "कागदपत्रं अपूर्ण" असेल तर कोणती, ते लेखी मागा. "तारण नाही" असं कारण वर सांगितलेल्या मर्यादेच्या आतल्या कर्जाला दिलं असेल तर ते नियमात बसत नाही. शाखा व्यवस्थापकाला लेखी तक्रार द्या आणि एक प्रत जिल्ह्याच्या अग्रणी बँक व्यवस्थापकाला पाठवा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत तक्रार करता येते. त्यासाठी १४४४८ या क्रमांकावर मराठीतही माहिती मिळते. तक्रारीसोबत अर्जाची पोच, नकाराचं पत्र आणि बँकेला दिलेल्या तक्रारीची प्रत असे तीन कागद जोडा.